ताज्या डोंगराचं वय

त्या दिवसांत माझं कशातच लक्ष लागत नव्हतं. संस्थेत माझ्याकडे अरबस्तानातल्या एका लाव्ह्याच्या पठारावरचे छोटे ज्वालामुखी नोंदवण्याचं काम होतं. उपग्रहाच्या चित्रात एकेक डोंगर शोधायचा, त्याला क्रमांक द्यायचा आणि तिथून आलेल्या दगडातला आर्गॉन वायू मोजून त्याचं वय काढायचं; वायू जितका जास्त, तितका दगड जुना. बाकीचे डोंगर निमूट जागेवर बसले. एक बसेना. त्याची कडा धारदार होती, अंगावर पावसाचा एक ओघळ नव्हता. डोळ्यांना तो अगदी ताजा दिसे, आणि यंत्र त्याला शेजारच्या झिजलेल्या डोंगरांहून म्हातारा ठरवत होतं.

"आकडा आलाय ना? लिहून टाका," साहेब म्हणाले.

मला लिहवेना. काचीगुड्याला घरी आल्यावरही मी लॅपटॉपवर तोच डोंगर बघत बसे. एकदा बाबा मागे येऊन उभे राहिले. तरुणपणी ते त्याच भागात ट्रक चालवायचे.

"अगं, ही तर आमची काळी टेकडी! हिच्या पायथ्याशीच खोली होती आमची."

आता तर मला चैनच पडेना. मी तो दगड पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतला. त्यात बारीक हिरवट स्फटिक होते. लाव्ह्याने येताना खोलातून उचलून आणलेले, पोटात जुना वायू धरलेले. म्हातारपण त्यांचं होतं, डोंगराचं नव्हे. चिमट्याने ते सगळे वेचून काढले आणि उरलेला दगड पुन्हा मोजायला लावला. निकाल येईपर्यंत मी दर तासाला जिना चढून यंत्राच्या खोलीत डोकावत होते.

डोंगर तरुण निघाला. इतका, की यंत्राला त्याचं वय जेमतेम पकडता आलं. साहेबांनी नोंद बदलली.

जेवताना मी बाबांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"माझा दोस्त अजून तिथंच राहतो. त्याला निघून ये म्हणू?"

"नको, बाबा. असले छोटे ज्वालामुखी बहुधा एकदाच फुटतात. पुढचा दुसरीकडे कुठेतरी उगवेल."

"कुठं?"

"ते कुणालाच माहीत नाही."

तरी त्यांनी फोन लावलाच. पलीकडून दोस्त मोठ्याने हसला, "अरे भाई, इधर गर्मी से मर रें, पहाड का क्या डर!" बाबाही हसले. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत येरझाऱ्या घालत राहिले. मी पुन्हा चित्र उघडलं आणि पहिल्यांदाच दोन डोंगरांमधली सपाट, मोकळी जागा न्याहाळू लागले.