अँटेना धरणारी

"हालू नको. चित्र आलंय."

खालून मालकाचा आवाज आला आणि मी स्लॅबवर तशीच उभी राहिले, दोन्ही हातांनी अँटेना धरून. रविवारची दुपार होती. मालकाचं सगळं घर आणि शेजारपाजार टीव्हीपुढं बसलेलं. त्या अँटेनाला काय खोड होती कुणास ठाऊक, माणसानं धरलं की चित्र स्वच्छ यायचं, सोडलं की नुसत्या मुंग्या. माणूस म्हणजे मी. कांद्याच्या लागणीला आम्ही डोंगरातून खाली निमगाव सावाकडच्या मळ्यात यायचो आणि गोठ्याशेजारच्या खोपीत राहायचो. मोठी माणसं वाफ्यात वाकलेली असायची. म्हणून अँटेनाला पोर.

पाइप तापायचा. पिक्चर मला फक्त ऐकू यायचा. त्या दिवशीचा एका पोरक्या मुलाचा होता. सावत्र आई त्याला उपाशी ठेवायची. तो रडला की आत बायका नाक ओढायच्या. मालकाची मुलगी माझ्याच वयाची, तरी मी तिला ताई म्हणायची. ती तर हुंदके देत होती.

मला लघवीला लागली. मी वरून ओरडून सांगितलं. मालकीण म्हणाली, "पिच्चर सपूस्तर हालायचं न्हाई."

मी पाय आवळून उभी राहिले. मग धरवलं नाही. स्लॅबवरून ओघळ गेला आणि खाली ओट्यावर टपटप पडला. जाहिराती लागल्या तसा मालक बाहेर आला, वर बघितलं आणि आतल्यांना हाक मारली, "या रं, बघा, उन्हाचा पाऊस पडतोय." सगळे बाहेर आले. त्या मुलासाठी ओले झालेले डोळे पुसत पुसत हसले. ताईपण हसली. तेवढ्यात जाहिराती संपल्या. मालक म्हणाला, "धर गं." आणि मी धरली. ओल्या परकरानं, शेवटपर्यंत.

संध्याकाळी आईनं कळशीनं ओटा धुतला. मला म्हणाली, "त्यांच्या जागंत ऱ्हातोय बाई. गप ऱ्हा." तिची तरी काय चूक? मी गप्प राहिले.

आश्रमशाळेत शिकले, डीएड झाले, शिक्षिका झाले. पण ते ऊन अंगातून गेलं नाही. कुठं पिक्चर सुरू झाला की मला लघवीला लागते. आजही. लग्नानंतर नवऱ्यानं जुन्नरला थिएटरात नेलं, तर मी दाराजवळची खुर्ची धरली आणि सारखी उठत राहिले. तो वैतागला. "पिच्चर बघायला आलीस का दार राखायला?" काय सांगणार होते? लाज माझीच आहे असं मला वाटायचं.

मग शिक्षकांचं एक प्रशिक्षण लागलं. पुण्याहून एक सर आले होते. लहानपणी बसलेले घाव माणसाला कुठवर पोखरतात, यावरचे पिक्चर ते प्रोजेक्टरवर दाखवणार होते. पहिल्यातल्या माणसाला लहानपणी धान्याच्या कणगीत कोंडलेलं असतं. म्हातारा होतो तरी दार लावून झोपू शकत नाही. मी सुन्न झाले. म्हणजे मी वेडी नव्हते. हे असं होतं माणसाचं.

दुसरा सुरू झाला आणि वाऱ्यानं पडद्याच्या चादरीचं एक टोक सुटलं. सर म्हणाले, कुणीतरी जरा धरा. मालकाची ती ताई मागच्याच रांगेत होती, आता दुसऱ्या शाळेवर शिक्षिका. ती हसत म्हणाली, "तिला द्या. तिला लहानपणापासून सवय आहे."

तिनं म्हणायच्या आधीच माझा हात वर गेला होता. तेच सगळ्यात वाईट. मी जाऊन टोक धरलं. आता पिक्चर माझ्या पाठीमागं आणि समोर सगळे चेहरे. पडद्यावर कुठलीतरी पोरगी मार खात होती आणि ताई रुमाल तोंडाला लावून रडत होती. अगदी तशीच. माझे पाय आपोआप आवळले गेले.

मी हात सोडला.

चादर खाली लोंबली. सर म्हणाले, "मॅडम, धरा ना." वर्गातली माझी शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. "न्हाई धरणार," मी म्हणाले. "मला बी बघायचाय पिच्चर."

ताई म्हणाली, अगं, मी गमतीनं म्हणाले. मी तिच्यासमोर उभी राहिले. "तुमच्या वट्यावर पडलं ते माझं मूत व्हतं. तुमी हसला व्हता. मला अजून लागती."

ताईनं माझा हात धरायला हात पुढं केला, मी दिला नाही. सरांनी नंतर विचारलं, मन मोकळं झालं ना? नाही झालं. काही बरं झालं नाही. पिक्चर लागला की अजून पोटात कळ येते आणि हात वर जायला बघतो.

मी तो खाली आणते. दर वेळी आणीन. मरेपर्यंत आणावा लागला तरी आणीन.