फक्कीचं स्वयंपाकघर

समस्त भाऊबंद, शेजारीपाजारी आणि वाटीभर साखर मागायला येणाऱ्या सर्व मान्यवरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरातला ओटा आपली जागा सोडत आहे. सोडण्याचा निर्णय पक्का आहे. कुठे जायचं यावर मात्र घरात दोन पक्ष पडले असून बोलणी फिसकटली आहेत.

ही दवंडी मी गेल्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात उभी राहून, परातीवर उलथनं बडवत, खरोखर पिटली होती. श्रोत्यांत एक शेळी होती आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, होत्या. शेळीने कान हलवले. आत्याबाई म्हणाल्या, परातीला पोचा पडंल.

भांडण खिडकीचं होतं. आमचं घर काष्टीच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. बाजाराच्या दिवशी या रस्त्यावरून काय काय जातं म्हणून सांगू? शिंगं रंगवलेले बैल, टेम्पोत दाटीने उभ्या शेळ्या, मोटारसायकलवर नवरा-बायकोच्या मधे मांडी ठोकून बसलेलं करडू. पण आमच्या स्वयंपाकघराची रस्त्याकडची भिंत आंधळी. वर छताशी एक झरोका, तोही धूर जाण्यापुरता. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तो बाजार नुसता ऐकत आले होते. घुंगरांच्या आवाजावरून बैल तरणा की म्हातारा ते सांगते. पण नाटक ऐकायला जातं का कुणी? मला रस्त्याच्या भिंतीला चांगली ऐसपैस खिडकी हवी होती आणि खिडकीला लागून ओटा. मेथी निवडता निवडता जग बघायचं, एवढीच मागणी. गवंड्याने खिडकी होईल म्हणून सांगितलं. ओटा कुठे ते ठरवा आणि मग मला बोलवा, म्हणाला.

आडवे आले ते आमचे हे. हे शाळेत खेळाचे शिक्षक. खिडकीला ह्यांची हरकत नव्हती, ओट्याला होती. खिडकीखालची जागा आईची, असं ह्यांनी जाहीर केलं. कारण आत्याबाई भाकरी खाली बसूनच थापतात. एक पाय दुमडलेला, पुढ्यात काठवट, शेजारी जमिनीवर शेगडी. ‘उभ्यानं थापलेली भाकरी फुगत न्हाई’ हे त्यांचं वचन आमच्या भावकीत कायद्यासारखं चालतं. ओट्यावर थापलेली माझी भाकरी समोर टम्म फुगली तरी त्या कायदा मागे घेत नाहीत, भाकरीकडे संशयाने बघतात. तर आईला वारा लागावा, उजेड मिळावा, म्हणून खिडकीखाली आई आणि ओटा समोरच्या भिंतीला. म्हणजे खिडकी येणार आणि मी तिच्याकडे पाठ करून उभी राहणार.

मी अबोला धरून पाहिला. सकाळी धरला, पण शेजारच्या कोंबडीने आमच्या पिठाच्या डब्यात अंडं घातलं आणि ते सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून दुपारच्या आत मोडला. आत्याबाईंना विचारलं तर “तुमचं तुमी ठरवा, मला काय” म्हणून त्यांनी पदराने तोंड पुसलं. लेक आपल्यासाठी भांडतोय याचं सुख पदराआड नीटसं मावत नव्हतं.

शेवटी ह्यांनीच तोड काढली. कुठलाही तंटा मैदान आखलं की मिटतो, अशी ह्यांची श्रद्धा. खो-खोचं मैदान आखून उरलेली पांढरी फक्की घरात होतीच. बाजाराच्या दिवशी सकाळीच ह्यांनी फीत आणि सुतळी काढली आणि अंगणात, अगदी रस्त्याच्या कडेला, खऱ्या मापाचं स्वयंपाकघर आखलं. इथे दार, इथे फ्रीज, इथे मोरी. रस्त्याच्या अंगाला दोन बांबू रोवले, मधे कमरेच्या उंचीवर दोरी बांधली आणि दोरीवरून जुनी सतरंजी खाली सोडली. सतरंजी म्हणजे भिंत, तिच्यावरची मोकळी हवा म्हणजे खिडकी. मग गळ्यात शिट्टी अडकवून नियम सांगितला: ये-जा दारातूनच, रेषेवर पाय पडला की फाऊल. पहिला फाऊल ह्यांचाच झाला. चहा मागायला भिंतीतून आत आले. शेजारीण कुंपणाशी येऊन, आज कुठल्या शाळेचा सामना आहे, विचारून गेली.

आधी ह्यांचा बेत तपासायचा ठरलं. आत्याबाईंना सतरंजीच्या मागे बसवलं. काठवट खरी, पीठ खरं. मी समोरच्या रेषेशी, रस्त्याकडे पाठ करून, हातात मेथीची खरी जुडी. शिट्टी वाजली आणि आम्ही दोघी कामाला लागलो.

तेवढ्यात मागून घुंगरं वाजली. मान वळवायला बंदी नव्हती, म्हणून मी वळवली. आणि बघते तर काय, आत्याबाईंच्या डोक्यावरून मला सगळा रस्ता दिसत होता. खिडकीच्या पार बुडाशी बसलेल्या आत्याबाईंना मात्र सतरंजीचे पट्टे दिसत होते.

माझ्या अंगात आलं. जुडी टाकून मी खिडकीशी गेले, आत्याबाईंच्या शेजारी उभी राहिले आणि रस्त्याचं वर्णन सुरू केलं. काय खोंड चाललाय, शिंगांना काय रंग दिलाय, मालकाच्या फेट्यालाही तोच.

“कुणाचा हाय?” खालून प्रश्न आला.

सांगते की, ही म्हैस पुढे जाऊ दे, असं म्हणून मी म्हशीचं वर्णन लांबवलं. आत्याबाईंनी मान उंच केली. मग डावीकडून बघितलं, मग उजवीकडून. भाकरी थापणं केव्हाच थांबलं होतं. आणि मग तो टेम्पो आला. टेम्पोत नवं आरशाचं कपाट, कपाटासमोर दाव्याने बांधलेला बोकड, आणि तो बोकड आरशातल्या बोकडाला धडका द्यायच्या तयारीत. मी सांगते त्या गोष्टींत एखादी पूर्ण खरी असते, ती ही होती. पण त्यामुळेच तिच्यावर कोण विश्वास ठेवणार?

“कायबी सांगती,” आत्याबाई म्हणाल्या. पण एक पिठाळ हात बांबूवर पडला, दुसरा माझ्या पदरावर. गुडघे कडकडले, बांबू कलला, आणि आत्याबाई उभ्या राहिल्या. टेम्पो खड्ड्यासाठी हळू झाला होता. बोकडाने मागे सरून, नेम धरून, एक धडक दिली. आत्याबाई इतक्या हसल्या की दोरीला धरून वाकल्या.

ह्यांनी शिट्टी फुंकली. आई, तुझी जागा खाली आहे, म्हणाले. आणि भाकरीचं काय?

आत्याबाईंनी मागे वळूनही बघितलं नाही. “फुगंल की उभ्यानं बी,” त्या म्हणाल्या.

भावकीचा कायदा मोडला तो असा, एका बोकडापायी. ह्यांच्या हातातून शिट्टी गळाली. ओटा जिंकला, खिडकी जिंकली, मी विजयी मुद्रेने दोरीवर दोन्ही कोपरं पसरून ऐसपैस उभी राहिले. तेवढ्यात माझ्या कुशीत पिठाचं एक कोपर बसलं.

“सरक की जरा. खिडकी काय तुझ्या एकटीची हाय व्हय?”