तोंडी मत

भगवंत अहिरे मूळचा शिरपूरकडचा. सिल्वासाजवळ सामरवरणीच्या धाग्याच्या कारखान्यात त्याने बारा वर्षं मशीन चालवलं. तुटलेला धागा हा डोळे मिटून जोडतो, अशी ख्याती. गेल्या वर्षी जिन्यावरून घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सिल्वासातल्या एका खासगी दवाखान्यात प्लास्टर झालं. दुसऱ्या दिवशी बोटं निळी पडली, ठणका सोसवेना. दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा एकच उत्तर : "सूज आहे, उतरेल." सूज उतरली, बोटं मात्र आत वळली ती वळलीच. कारखान्याने त्याला गेटवर बसवलं.

मग तो डॉक्टर रमाकांत सामंतांकडे गेला. सरकारी नोकरीतून निवृत्त, कोकणातले, मराठी बोलणारे. परमुलखात मराठी बोलणारा डॉक्टर भेटला की आपला माणूस निम्मा बरा होतो. भगवंत पाऊण झाला.

"प्लास्टर त्याच दिवशी कापायला हवं होतं," डॉक्टर दार लोटून घेत म्हणाले. "सरळ सरळ चूक आहे. अरे, मेडिकल कौन्सिलकडे तक्रार कर. मी आहे."

"लिहून देता का, साहेब?"

"शब्दावर विश्वास नाही होय रे?"

घरी बायको रोहिणी म्हणाली, "गोड बोलतात ते. एकदा कागदावर बोलायला लावा की."

"गप गं. डॉक्टर आहेत ते, रिक्षावाले नाहीत."

त्याचं तरी काय चुकलं? कारखान्यातली रीतच अशी : पाळी बदलताना मशीन ताब्यात घेणाऱ्याने आधीच्याची चूक वहीत लिहायची, खाली सही ठोकायची. आधीचा सख्खा मेहुणा का असेना! डबा एकत्र खायचा, पण चूक लिहायची. एवढी शिकलेली माणसं निदान तेवढं तरी करत असणार, असं भगवंत धरून चालला. त्याने तक्रार केली.

आठ महिन्यांनी कौन्सिलच्या चौकशी समितीचं बोलावणं आलं. डॉक्टराची चौकशी करायला डॉक्टरच; व्याह्याची खोड काढायला व्याही बसवावा तशी. आणि तज्ज्ञ म्हणून मत द्यायला कोण, तर खुद्द सामंत! भगवंतला हायसं वाटलं. त्याने हसून नमस्कार केला.

सामंतांनी चष्मा लावला आणि वाचलं, "उपचार योग्य होते. रुग्ण वेळेवर दाखवायला आला नाही. केसपेपरवर आल्याची नोंद नाही."

"साहेब, तुम्हीच तर म्हणालात... दार लोटून!"

"यांचा काहीतरी गैरसमज झालाय," सामंत अध्यक्षांकडे बघत म्हणाले. 'अरे-तुरे'वरून एकदम 'यांचा'. असा मान भगवंतला जन्मात कुणी दिला नव्हता.

अध्यक्षांनी कागद पुढे सरकवला. "निष्कर्ष ऐकला म्हणून सही करा." वळलेली बोटं बघून कारकुनाने शाईचं पॅड उघडलं. "अंगठा चालेल."

"बारावी पास आहे मी," भगवंत म्हणाला आणि पेन डाव्या हातात घेतलं. बराच वेळ लिहीत होता. 'मान्य नाही. डॉक्टर सामंतांनी मला चूक झाली असं सांगितलं होतं. इथे उलटं वाचलं.'

"एवढं लिहायची गरज नव्हती," अध्यक्ष म्हणाले.

भगवंतने कागद सामंतांपुढे ठेवला. ते खिडकीकडे बघू लागले.

"बघा तरी, साहेब. अक्षर लागत नसेल तर मी वाचून दाखवतो."