आत्याबाईंचा शंभरचा बल्ब

दुकानातला माल संपतो, किस्से काही संपत नाहीत! न्हावऱ्यात एसटी थांब्यासमोर माझं लाईटच्या सामानाचं दुकान आहे. गिऱ्हाईक बल्ब घेऊन जातं आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातं.

पण आमच्याच घरचा एक किस्सा मला टोचायचा. दुकानाला लागूनच आमची पडवी. तिथं सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा, शंभर वॅटचा पिवळा बल्ब. दिवस मावळला की लागणार, तो त्या आडव्या होईपर्यंत. शेजारच्या फळीवर आमचं मांजर मस्त ऊब घेत पसरलेलं. मी गावाला एलईडीचं शहाणपण शिकवायचे आणि गिऱ्हाईक पडवीकडं बोट दाखवून म्हणायचं, "सूनबाई, दिव्याखाली अंधार!"

त्यात चौकातल्या आबांनी नवा बंगला काढलेला. अख्ख्या बंगल्याचे दिवे! आबा म्हणाले, "तुमच्या पडवीतला बल्ब बदला, सगळा माल तुमच्याकडनं घेतो. न्हाईतर शिरूरला जातो." घ्या! पण आत्याबाईंना सांगायची टाप कुणाची? त्यांचं एकच, "माझ्या पडवीला हात लावायचा न्हाई!"

*

एकदा शंकरमामा आले. नऊ वॅटचा आणि बारा वॅटचा, दोन बल्ब पुढं ठेवले. दर जवळपास सारखाच. म्हटलं, "मामा, खोली लहान, नऊचा बास. लाईट पण कमी खाईल."

मामांनी बाराचा उचलला. "फुकटचे तीन वॅट कोण सोडतंय!"

*

सुमनकाकूंनी कोंबड्यांच्या खुराड्यात एलईडी लावला. दुसऱ्या दिवशी सकाळीच बल्ब घेऊन हजर.

"ह्यो नुसता उजेड देतोय, ऊब न्हाई! पिल्लं रातभर एकमेकांच्या अंगावर चढून बसली."

मी समजावलं, "अहो काकू, ऊब देत नाही म्हणूनच तर बिल कमी येतं!"

"मग पिल्लांना बिल पांघरू व्हय?"

गप कोपऱ्यातला जुना साठचा शोधून दिला.

*

आमच्या मालकांची तर वेगळीच तऱ्हा. सणसवाडीला कंपनीत आहेत. 'बाहेर पडताना दिवे बंद करा' हे तिथं एवढं अंगात भिनलंय की कुठूनही बाहेर पडताना हात आपोआप बटणावर जातो. दौंडला एका लग्नात जेवून निघाले आणि दारातली सगळी बटणं खटाखट बंद! आत नवरा-नवरी फोटोला उभे.

अंधारातून नवरीच्या मामांचा आवाज आला, "पावणं, आहेर न्हाई दिला तरी चालंल, पर उजेड ऱ्हाऊ द्या!"

*

आप्पांच्या लेकानं संडासात सेन्सरचा दिवा बसवला. माणूस हलला की लागतो, स्वस्थ बसला की विझतो. आता तिथं बसलेला माणूस हलणार किती? दिवा विझला की आप्पा आतून टाळ्या वाजवायचे. हळूहळू ताल धरायला लागले, वर अभंगही.

एकदा सकाळी मुलगी बघायला पाहुणे आलेले. टाळ्या ऐकून त्यांनी भक्तिभावानं हात जोडले आणि विचारलं, "देवघर तिकडं हाय का?"

*

मध्यंतरी आत्याबाई माहेरी गेल्या. मी मन घट्ट केलं आणि पडवीत दिसायलाही तसाच, पिवळा उजेड देणारा एलईडी लावून टाकला. त्या परत आल्या, दिवा लावला, वर बघितलं. म्हणाल्या, "जुनं ते सोनं!"

जीव भांड्यात पडला. पण पुरता नाही. कळलं तर घरात महाभारत! म्हणून रोज दिवेलागणीला दोन कप चहा घेऊन मी त्यांच्याजवळ बसायला लागले. त्यांचं बल्बकडं लक्ष गेलं की मी विषय त्यांच्या माहेराकडं वळवायचे. एरवी दुकानाच्या गडबडीत दोन शब्द बोलणं व्हायचं नाही. आबांनाही सांगता येईना. त्यांना सांगणं म्हणजे गावात दवंडी.

एका संध्याकाळी आबा पडवीशी येऊन थांबले. "उद्या शिरूरला चाललोय दिवे आणाय. तुमचा ह्यो बल्ब काय हलत न्हाई!"

आत्याबाई शेजारीच चहा पीत बसलेल्या. खरं बोलावं तर सासू भडकणार, गप बसावं तर बंगला हातचा जाणार.

तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "आबा, हात तर लावून बघा बल्बाला."

आबांनी भीतभीत बोट टेकवलं, मग अख्खा पंजाच लावला. "आयला! भाजत न्हाई की!"

"मग? उद्या शिरूरला कशाला जाताय? दिव्यांचं सांगा आमच्या सूनबाईला."

आबा कबूल करून गेले. मी आत्याबाईंकडं वळले. "तुम्हाला कवा कळलं?"

"मांजर फळी सोडून चुलीपाशी निजाय लागलं तवाच."

"मग इतके दिवस बोलला का न्हाई?"

आत्याबाईंनी रिकामा कप माझ्या हातात दिला. "बोलले असते, तर दुसऱ्या दिवसापासनं ह्यो चहा एकटीनं प्यावा लागला असता!"