चिंच-मिठानं घासलेले रोमन राजे

माझा जुना मित्र तेजलाल गेल्याचा फोन आला तेव्हा मी रायपूरला मुलीकडे तापानं पडलो होतो. त्यामुळे त्याच्या गावी, सौंदडला पोचलो तो थेट तेरवीला. फोटोपुढे पितळेचं ताट, झेंडूचा हार आणि ताटात त्याची रोमन नाणी... लखलखीत! तळपायाची आग मस्तकात गेली. "कोणी केलं हे?" मी भर मंडपात ओरडलो. त्याचा मुलगा कौतुकानं म्हणाला, "मीच चमकवले, काकाजी. चिंच-मीठ लावलं, मंग दुकानातल्या पालिशच्या मशीनवर घासले. बाबूजीचं सामान काळं कसं ठेवाचं?" अरे गाढवा, दोन हजार वर्षांचा थर होता तो! राजाचं नाक, कान, अक्षरं, सगळं त्या थरातच टिकून होतं.

भांड्यांच्या दुकानावर वाढलेलं घर ते. तिथं काळं तांबं म्हणजे लाज. तेजलाल मात्र त्याच दुकानात बसून उलटं शिकला. नागपूरच्या प्रदर्शनांतून झिजकी, स्वस्तातली नाणी एकेक करून आणायचा. सोन्याचं ऑरियस त्यानं चित्रातच पाहिलं. चांदीचं डिनेरियस एकुलतं एक, बाकी सगळं तांबं-पितळ. दोन अ‍ॅसचं एक ड्युपोंडियस, दोन ड्युपोंडियसचं एक सेस्टर्शियस, चार सेस्टर्शियसचं एक डिनेरियस, हे तो पाढ्यासारखं म्हणायचा. अ‍ॅस आणि ड्युपोंडियस दिसायला जवळपास सारखीच. "राजाच्या डोक्शावर किरणांचा मुकुट पाहा. असला तं ड्युपोंडियस. घासून नाही, डोळ्यानं पाहाचं!" असं मला दरडावायचा. दर रविवारी आम्ही असे बसायचो, दार लावून. हो, दार लावून! वहिनी चहा घेऊन आल्या तरी हा नाण्यांवर रुमाल टाकायचा. आणि त्या दाराच्या आत आपण आहोत याचा मला मोठा तोरा होता... आज त्याची लाज वाटते.

मुलाला मी आणखी झापणार, तेवढ्यात वहिनी पुढे आल्या. "त्याले कायले बोलता, भाऊजी? तुमाले सांगत ते. आमाले कधी सांगतलं? काळं काऊन ठेवता मनून इचारलं, तं 'तुले नाही समजत' मनत." राग काही उतरला नाही, पण आता तो फोटोतल्या माणसावर निघायला लागला. तेजलाल, जिवंत असतास तर गचांडी धरली असती तुझी! रोमचे राजे ओळखत बसलास, अन् पोटच्या पोराला एकदा जवळ बसवलं नाहीस? कोणापासून जपत होतास रे ती नाणी? शेवटी ज्यांना काही सांगितलं नाहीस, त्यांच्याच हाती पडली ना?

मागच्या रविवारी पुन्हा गेलो. त्याच्या खोलीत वहिनींना शेजारी बसवलं आणि ताट पुढे ओढलं. त्यांनी एक नाणं उचललं, पदरानं पुसलं, कितीतरी वेळ न्याहाळलं.

"हा राजा कोण व्हता, भाऊजी?"

ज्या खोलीत तीस वर्षं नुसता झाडू मारला, तिथं बाईनं पहिल्यांदा राजाचं नाव विचारलं होतं... मी नाणं खिडकीशी नेलं, तिरपं धरलं, पालथं केलं. त्यावर चेहराच उरला नव्हता.