कुंदाताईंचं ‘आधी तू’

कुंदाताईंच्या मुलीचा, मीनलचा, फोन आला तेव्हा मी फिरायला जायचे बूट घालत होते. “मावशी, आई झोपेतच गेली... उसको पता भी नहीं चला.” लखनौत वाढलेली पोर, रडतानाही तिला हिंदीच जवळची. ब्याऐंशीच्या कुंदाताईंनी आदल्या सकाळीच मैदानाला दोन फेऱ्या मारल्या होत्या. मी त्यांच्या घरी पायीच निघाले. रिक्षानं गेले असते तर त्यांनी दारातूनच परत पाठवलं असतं.

मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आम्ही सात-आठ मराठी बायका. नवरे इंजिनियर, आणि आमच्यावर लक्ष ठेवायला साताऱ्याच्या कुंदाताई. त्यांची धाकटी बहीण ‘पित्त झालंय’ म्हणत म्हणत हार्ट अटॅकनं गेली, तेव्हापासून त्यांनी आमच्या हृदयांची जबाबदारी घेतली. कुणीही विचारलेलं नसताना! सकाळी सहाला बेल वाजायची. ताटातलं मीठ उचललं जायचं, तळणीच्या कढईकडे त्या अशा बघायच्या की आपणच गॅस बंद करावा. एका रविवारी आम्ही दोघी-तिघी फेऱ्या चुकवून गेटबाहेर खस्ता कचोरी खात होतो, तर मागे कुंदाताई उभ्या. आता काही खरं नाही, असं वाटलं. त्यांनी माझ्या द्रोणातला तुकडा उचलला, डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाल्या, छान आहे, आता सगळ्यांना तीन फेऱ्या जास्त. स्वतःही मारल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्याकडे तबकाशेजारी बीपीचं मशीन असायचं. कुंकू लावलं की डावा हात पुढे करायचा, मगच वाण मिळायचं. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पंधरा दिवस मला जबडा दुखत होता, जिना चढताना धाप लागत होती, आणि थकवा तर विचारू नका. छातीत काहीच दुखत नव्हतं, म्हणून मी दाढेला आणि थंडीला बोल लावून मोकळी. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, आधी ह्यांचं बघा ना, बाहेर बसलेत, फार दगदग होते त्यांची.

“त्यांचा हात बघून तुझं हृदय कळतं का, अलका? आधी तू.”

पट्टा गुंडाळता गुंडाळता त्यांनी दाढेचं, धापेचं सगळं काढून घेतलं, आकडा दोनदा बघितला आणि भरलं घर सोडून, बोटांना हळद तशीच, मला हॉस्पिटलात नेलं. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले. आज हे लिहायला मी आहे ती त्या बाईमुळे. घरी आल्यावर त्यांच्याकडे गेले, तर मशीनच्या झाकणावर त्यांनी मार्करनं ठळक लिहिलेलं: आधी तू.

तेराव्यानंतर मीनलनं ते मशीन मलाच दिलं. पट्ट्यावर हळदीचा डाग अजून आहे. परवा सकाळी हे चहा घेत बसले होते. मी मशीन काढलं आणि सवयीनं म्हटलं, “अहो, हात द्या, तुमचं बघू.”

ह्यांनी कप खाली ठेवला आणि झाकण माझ्याकडे वळवलं.

मी मुकाट्यानं डावा हात पुढे केला.