शरभाचे पाय

पन्नाशी जवळ आली. पुराण सांगताना हल्ली घसा बसतो आणि ऐकणाऱ्यांच्या आधी मलाच पेंग येते. पण 'शरभ' हा शब्द आला की मी खडबडून जागा होतो.

बारा वर्षांपूर्वी आमच्या पेठेत एका सरदारांनी महादेवाचे देऊळ बांधायला घेतले. दरवाजावर शरभ बसवायचे ठरले होते. शरभ म्हणजे सिंहालाही भारी असा पुराणातला प्राणी. किल्ल्यांच्या दरवाजांवर तो कोरलेला असतो. काम हडपसरच्या एका वयस्क पाथरवटाकडे होते. चार महिने खपून त्याने शिळा घडवली. शेपूट पाठीवर वळलेले, पंजाखाली हत्ती, पाय चार. त्याच्या बापाने आणि आज्यानेही असाच घडवला होता.

शिळा चढवायच्या दिवशी सरदारांनी मला विचारले, "शास्त्रीबुवा, शरभ शब्दाचा अर्थ काय हो?"

अर्थ मला येत होता. फाडणे, हिंसा करणे अशा अर्थाच्या संस्कृत धातूपासून तो शब्द झाला आहे. शरभ म्हणजे फाडणारा. तेवढे सांगून गप्प बसायला हवे होते. पण भोवती पंधरा-वीस माणसे उभी होती आणि सरदार पहिल्यांदाच मला काही विचारत होते.

"फाडणारा, आणि आठ पायांचा," मी म्हणालो. "शब्दातच आहे ते. याने तर मांजर केलंय."

माणसे हसली.

"आमच्याकडं चारच असत्यात, महाराज," पाथरवट म्हणाला.

"तुझ्याकडे कोश असतो का रे?"

माणसे पुन्हा हसली. आठ पाय मी कुठल्याशा पोथीत वाचले होते, हे खरे. पण शब्दात ते नव्हते, आणि बोलत असतानाच मला ते ठाऊक होते.

शिळा घाटावर नेऊन पालथी टाकली. तिची पायरी झाली. दुसऱ्याने आठ पायांचा शरभ केला. म्हाताऱ्याला पुन्हा कोणी देवळाचे काम दिले नाही. स्नानाला जाताना ती एक पायरी मी ओलांडून उतरत आलो.

गेल्या महिन्यात आमचे जाते गुळगुळीत झाले, पीठ भरड येऊ लागले. टाकी लावून दगड पुन्हा खरबरीत करून घ्यायला बायकोने रस्त्यावरच्या माणसाला हाक मारली. ओसरीवर येऊन बसला तो तोच पाथरवट. नजर अधू झालेली, पण हात बरोबर चालत होते. मी त्याच्यापुढे बसलो आणि सगळे सांगून टाकले. टाकी थांबली नाही.

"म्हंजी चार चाललं असतं?"

"चाललं असतं. शब्दात पाय नव्हतेच. मी लावले."

"ते मला कशापायी सांगताय? मला ठावंच हाय. दगूड ज्यांनी उलथा टाकला, त्यांना सांगा."

आतून बायको म्हणाली, "एवढं पुराण सांगता, हा एक अध्याय राहिलाच होता म्हणायचा."

सरदार आता थकले आहेत. मी त्यांच्याकडे जाऊन सांगितले, ते त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"बारा वर्षं सगळी पेठ आमच्या शरभाला खेकडा म्हणते, बुवा. आणि आपण आज येताय."

त्याच संध्याकाळी पुराणाला बसल्यावर मी देवळातही सांगितले, की त्या दिवशी मी खोटे बोललो. दोघे-तिघे जागे होते, त्यांनी ऐकले.

आठ दिवसांनी सरदारांच्या गड्यांनी पहारी लावून शिळा उलटवली. मी म्हाताऱ्याला हात धरून घाटावर नेले. बारा वर्षांत माणसांच्या पायांनी शिळेची पाठ झिजली होती. चिखलातली बाजू मात्र जशीच्या तशी होती, हत्तीची सोंडसुद्धा. म्हाताऱ्याने आपली वाटी पुढे करून पाणी मागितले, चिखल धुतला आणि चारी पायांवरून एकेक करून बोटे फिरवली.

"आता ह्याला लावनार कुठं?" त्याने विचारले. "दरवाजावर जागा हाय का?"

तिथे खेकडा बसला होता. मी त्याची वाटी घेतली आणि आणखी पाणी आणायला खाली उतरलो.